आलं, चटणीचा पाटा आणि माझं डोकं

आमच्या चटणीच्या डंखावर अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी एखादी बाई मिरच्या न घेताच येते. हातात पिशवी, पिशवीत अर्धा किलो आलं. आधी उन्हाबद्दल बोलते, मग यंदाच्या मिरचीला कसा रंगच नाही त्याबद्दल, आणि मग माझ्या डोक्याकडं बघत हळूच विचारते, "आल्यानं केस आले त्या बाई तुमीच न्हवं?"

"व्हय, मीच ती. बसा. आणि ते आलं आधी हिकडं द्या, चहा टाकतो," मी म्हणते.

(आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना येतो-जातोच म्हणतो. वाचणाऱ्यानं दचकू नये. लिहिताना मी शाळेत शिकवलं तसं लिहिणार आहे.)

तर गावभर झालेली ही बातमी अर्धी खोटी आहे आणि अर्ध्या बातमीनं माणसाचं डोकं भाजतं. माझं भाजलं. म्हणून हे लिहायला घेतलं. ज्यांच्या किंवा ज्यांच्या लेकीबाळींच्या डोक्यावर चाई पडून केस गेलेत, त्यांनी वाचावं. वाचताना हसू आलं तर खुशाल हसा. आम्हीही नंतर पुष्कळ हसलो. त्या वेळी मात्र रडून रडून डोळे सुजले होते, तेही सांगते.

डोसकं बांध!

मंगळवार पेठेत आमचा चटणीचा डंख आहे. डंख म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळ, वर मोटारीवर चालणारी मुसळं, धाडधाड वर-खाली होणारी. उन्हाळा लागला की अख्ख्या पेठेतल्या बायका वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण, आलं असं सगळं डब्यांतनं घेऊन येतात आणि पायरीवर नंबर लावून बसतात. वर्षाची चटणी एकदाच होते. ती बिघडली तर वर्षभर घरातली माणसं ताटावर बसून तोंड वाकडं करतात, त्यामुळं बायका डंखावर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात.

डंख माझ्या सासऱ्यांनी घातला. ते गेल्यावर तो आत्तींनी चालवला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. अंगानं काडी, आवाज मात्र मुसळांच्या वर ऐकू येणारा. त्यांच्या डंखावर नियम एकच. केस दिसता कामा नये. चटणीत मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक ऐकून घेतं, केस सापडला तर पुन्हा पायरी चढत नाही.

आणि माझा शेपटा तर कमरेच्या खाली. लग्नात बघायला आलेल्या बायकांनी ओढून बघितला होता, खरा आहे का म्हणून. त्यामुळं रोज सकाळी मी डंखापाशी पाय टाकला की आत्ती ओरडायच्या, "शालन, डोसकं बांध!" बांधलेलं असलं तरी ओरडायच्या. सोळा वर्षं मी हे रोज ऐकलं आणि सोळा वर्षं रोज मनात म्हटलं, कधी एकदाचं हे ऐकायचं बंद होईल.

उखळापाशी बसायचं काम माझं. मुसळ वर गेलं की तेवढ्या वेळात चटणी खालवर करायची. बोटं सांभाळायची. कांदा-लसूण कधी टाकायचा, आलं कधी, आता बास कधी म्हणायचं, ते सगळं नाकानं ओळखायचं. आत्तींनी ती जागा मला द्यायला सहा वर्षं लावली होती. ज्या दिवशी दिली त्या दिवशी मी माहेरी कोडोलीला निरोप धाडला होता, दुसरी एखादी बाळ झाल्यावर धाडते तसा.

रुपया

सत्त्याण्णव साल संपत आलं होतं. हंगाम लांब होता. आमच्या गल्लीतल्या इंदूमावशी तिळाची थोडी चटणी कुटायला घेऊन आल्या. मावशी म्हणजे आमच्या डंखावरचं पोस्ट ऑफिस, सगळ्यांच्या बातम्या त्यांच्याकडं. मी उखळावर वाकले होते. त्या वरनं बघत होत्या.

"अगं बया! शालन, तुझ्या डोसक्यात रुपया पडलाय बग."

मला वाटलं खरंच कुणाचा तरी पडला. मी हात घातला. हाताला रुपया लागला नाही, गुळगुळीत कातडी लागली. कानाच्या वर, मागच्या बाजूला, तळहातासारखी मऊ. तिथं एकसुद्धा केस नव्हता. मी आपली हसले, कारण काय करावं कळेना.

आत्ती आल्या. केस बाजूला करून बराच वेळ बघत राहिल्या. माझा पदर माझ्या डोक्यावर ओढला आणि मग म्हणाल्या, "चाई हाय."

पंधरा दिवसांत एका चाईच्या तीन झाल्या. उशीवर, न्हाणीत, पोळीच्या पिठात, जिकडं तिकडं केस. आणि आमच्याकडं समजूत अशी की चाई म्हणजे केसांना लागलेला किडा. आता किडा लागलेली बाई चटणी कुटणार म्हटल्यावर काय होणार? वर्षानुवर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या बायका डबे घेऊन एक पायरी खाली सरकायला लागल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "आत्ती, यंदा कुटणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती म्हणाल्या, "शालन, काय दिवस तू मागच्या खोलीत बस. मिरच्यांची देठं खुडायला."

माझं डोकंच फिरलं. "चाई माझ्या डोसक्याला पडलीया, हाताला न्हाय!"

"मला ठावं हाय. गिऱ्हाइकाला ठावं न्हाय," एवढंच बोलून त्या स्वतः उखळापाशी जाऊन बसल्या. वय पासष्टच्या पुढं, एक डबा कुटून होईस्तोवर दहा वेळा खोकायच्या.

मी मागच्या खोलीत देठं खुडत बसले आणि मुसळांचा आवाज ऐकत राहिले. आवाजावरनं कळायचं, आता हात फिरवायला पाहिजे होता, आता आलं टाकायला उशीर झाला. खरं सांगते, केसांचं दुःख होतंच. आरशासमोर जायची भीती वाटायची. पण मला सगळ्यात आधी ती जागा परत पाहिजे होती. केस आले तरच ती मिळणार, असं मी धरून चालले होते.

माहेरचं औषध

माझा थोरला भाऊ कोडोलीत शेती करतो. तेव्हा त्यानं आलं लावलं होतं. बातमी कळल्यावर तो यष्टीतनं अख्खं पोतं घेऊन उतरला. मातीसकट आलं.

"शाले, काय घाबरू नगंस. आमच्यातल्या एका पोराला चाई पडल्याली. आलं चोळलं, महिन्यात भरली. हे एवढं संपव, मग दुसरं पोतं आणतो."

"दादा, डोसकं केवढं, पोतं केवढं?"

"असू दे की. राहिलं तर चटणीत घाल."

आत्तींनी लगेच कारभार हातात घेतला. त्यांना मला मागच्या खोलीत बसवल्याची टोचणी लागली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्या नुसत्याच अंगात आल्यासारख्या करत होत्या. आलं खरवडलं, धुतलं, चकत्या केल्या. मिक्सरमधलं त्यांना पटायचं नाही, औषध दगडावरच वाटायचं. दगड म्हणजे आमचा पाटा. त्यांच्या लग्नातला, त्या घरात आल्यापासून रोज चटणी वाटून वाटून मधोमध खोल झालेला. त्यांनी तो तीन वेळा धुतला, मी डोळ्यांनी बघितलं. मग आलं वाटलं, फडक्यातनं रस पिळला, चमचाभर खोबरेल घातलं आणि मला अंगणात बसवून चोळायला सुरुवात केली.

पहिल्यांदा गार वाटलं. मी म्हटलंसुद्धा, "बरं वाटतंय."

तिसऱ्या मिनिटाला माझ्या डोक्यावर चूल पेटली. मी उठले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, नळाखाली डोकं धरलं, तर पाण्याबरोबर ते सगळं डोळ्यांत उतरलं. "आत्ती! मेलो की वो!"

आत्ती आनंदानं टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. "भाजतंय न्हवं? म्हंजे मूळ जागं व्हायलंय! भाजू दे. जरा दम धर."

दम धरला. एक दिवस नाही, दहा दिवस. रोज सकाळी मी अंगणात बसायची, आत्ती चोळायच्या, मी नाचायची. शेजारपाजारचे लोक त्या वेळेला कामं काढून आपापल्या दारात यायचे. इंदूमावशी रोज विचारायच्या, "आज किती फेऱ्या झाल्या?" सातव्या दिवशी कातडी लाल झाली, नवव्या दिवशी फोड आले. आत्ती म्हणाल्या, फोडातनंच केस येणार.

माझे मालक शिरोलीच्या एमआयडीसीत, फौंड्रीत साचे करायचं काम करतात. तेव्हा त्यांची पाळी लागोपाठ जोडून होती, घरी आले की झोपायचे. दहाव्या दिवशी त्यांनी माझं डोकं उजेडात बघितलं आणि म्हणाले, "अगं, आमच्या भट्टीलाबी एवढं लाल व्हायला येळ लागतो."

मी हातातलं लाटणं फेकून मारलं. लागलं नाही, पण फेकल्यावर जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि मला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरबाईंचा कागद

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी डोकं बघितलं आणि आधी चाईबद्दल विचारलंच नाही.

"हे काय लावलंत?"

"आल्याचा रस."

"आलं एवढं भाजत नाही. खरं सांगा."

"आईशपथ आलंच. माझ्या दादाच्या शेतातलं."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. कोल्हापूरच्याच होत्या, म्हणून सुचलं. "कशावर वाटलं?"

"पाट्यावर."

"त्या पाट्यावर एरवी काय वाटता?"

माझ्या तोंडातनं उत्तर बाहेर पडायच्या आधीच माझे मालक हसायला लागले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि त्याही हसल्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या दगडानं लवंगी मिरची प्यायलीय, तो तीन वेळा धुऊन काय होणार? दहा दिवस मी डोक्यावर आमच्याच घरची चटणी चोळून घेत होते.

मग त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, किडाबिडा काही नसतो. आपल्याच अंगातली राखण करणारी शक्ती चुकते आणि आपल्याच केसांच्या मुळांवर धावून जाते. कुणापासून आपल्याला लागत नाही, आपल्यापासून कुणाला लागत नाही.

मी तीनदा विचारलं, "म्हंजे चटणीत जात न्हाई?"

"काय जात नाही?"

"चाई."

"नाही हो. चाई चटणीत जात नाही."

"मग तसं लिवून द्या."

त्यांनी खरंच लिहून दिलं, सहीशिक्क्यासकट. तो कागद मी जपून पिशवीत ठेवला. मग ज्या प्रश्नासाठी गेले होते तो विचारायचं धाडस झालं. केस परत येतील का?

"बहुतेकांचे येतात. कधी औषधानं, कधी आपोआप. पण शब्द देणार नाही. आधी अजून जातीलही. मनाची तयारी ठेवा." आणि दारापर्यंत गेल्यावर पुन्हा हाक मारून म्हणाल्या, "आल्याशी माझं भांडण नाही, बरं का. ते चहात घाला. डोक्यावर फोड येईपर्यंत काहीच चोळायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा."

जिन्यात मी बसकण मारली आणि रडले. अजून जातील हे शब्द कानातनं जाईनात. मालकांना बायकांच्या रडण्यावर काय बोलायचं ते कधीच सुचत नाही. ते म्हणाले, "मिसळ खायाची?" मी रडत रडत मिसळ खाल्ली. नाकाडोळ्यांतनं पाणी. वाढप्याला वाटलं तिखट लागलं, त्या बिचाऱ्यानं न मागता दह्याची वाटी आणून ठेवली. आजारपणात मला मिळालेल्या औषधांत त्या वाटीचा नंबर बराच वरचा लागेल.

गुरुवारचं बाकडं

फोड बरे झाल्यावर इंजेक्शनं सुरू झाली. दर तिसऱ्या गुरुवारी. सुया बारीक, पण डोक्यात बसतात, तेव्हा डोळ्यांपुढं काजवे. बाहेरच्या बाकड्यावर आमची एक मंडळीच जमली होती. एका कॉलेजच्या पोरीला भुवईवर चाई, एका रिक्षावाल्याला दाढीत. तो म्हणायचा, "वैनी, तुमचं झाकतंय तरी. माझी दाढी बगून प्याशिंजर म्हणत्यात, अर्धी करूनच आलास व्हय?" त्या बाकड्यावर मी पदर खाली टाकून बसायची. घरात जे दाखवायला लाज वाटायची ते तिथं वाटायची नाही. तुमच्या गावात असं बाकडं असेल तर औषधाइतकंच त्याला धरून राहा.

पण डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच झालं. फेब्रुवारी संपेपर्यंत डोक्यावर चार-पाच झुबके राहिले होते, जागोजागी, विचित्र. एका रविवारी सकाळी मीच मालकांना म्हटलं, "हे काढून टाका. हे बगवत न्हाई." त्यांनी अंगणात पाट मांडला, दाढीचा साबण फेसाळला. साच्यावरची रेती दाबून दाबून त्यांचा हात हलका झालाय. एक ओरखडा आला नाही. संपल्यावर त्यांनी ओल्या टॉवेलनं माझं डोकं पुसलं, टॉवेल पिळला आणि पुन्हा एकदा पुसलं.

संध्याकाळी त्यांनी कंपनीतली एक कापडी टोपी आणून दिली, साचेवाले घालतात तसली, निळी. वर पदर घेतला की आत काय आहे ते कळायचं नाही.

आत्तींशी मात्र माझं बिनसलं. डॉक्टरकडनं आल्या आल्या मी रागाच्या भरात बोलून गेले होते, "तुमच्या पाट्यानं माझं डोसकं जाळलं!" आत्ती त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर पाटा अंगणात, भिंतीला उलटा टेकवून ठेवलेला. लग्नातला पाटा. त्यानंतर त्यांनी त्याच्यावर काही वाटलं नाही. मला वाईट वाटलं, पण माफी मागायला जीभ उचलेना. त्यांनी तो डॉक्टरबाईंचा कागद मात्र डंखाच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावून घेतला. वाचता येत नव्हतं तरी येणाऱ्या प्रत्येकीला बोट करून दाखवायच्या. बायका म्हणायच्या, "डाक्टर काय, कायबी लिवत्यात," आणि डबा घेऊन एक पायरी खालीच बसायच्या.

आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. आत्ती आता सकाळी ओरडत नव्हत्या. डोकं बांध म्हणायला डोक्यावर काही उरलंच नव्हतं. जे ऐकायला नको म्हणून सोळा वर्षं चरफडले, ते बंद झालं, आणि मागच्या खोलीत देठं खुडताना मला त्याच्यासाठी हुंदका आला. केस गेले तेव्हा आला नव्हता एवढा.

गंगावन

एप्रिल उजाडला. पायरीवर नंबर लागलेले, आत्ती खोकत खोकत उखळापाशी, मी मागं. दहाच्या सुमाराला रंकाळ्याकडच्या पुष्पावैनी तरातरा आल्या. त्यांची चटणी आठ दिवसांपूर्वी आमच्याकडनंच कुटून गेली होती. त्यांनी डबा आत्तींच्या पुढ्यात आपटला, झाकण काढलं आणि दोन बोटांत धरून एक केस वर काढला. काढतच राहिल्या. हातभर लांब, काळाभोर.

"आत्ती, ही चटणी हाय का केसांचं गंगावन?"

पायरीवरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. आत्तींनी मोटार बंद केली. भर हंगामात मोटार बंद झाली की सगळ्या पेठेला कळतं.

"आमच्यातनं गेला न्हाई त्यो," आत्ती म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"मग कुणाचा? त्या चाईवालीचा हाय! केस झडालेत तिचं आणि तुमी तिला चटणीजवळ बसवता? लेकराबाळांच्या पोटात किडं घालायचेत व्हय?"

आत्तींनी कॅलेंडरशेजारच्या कागदाकडं बोट केलं. कुणी तिकडं बघितलंसुद्धा नाही. दोघी-तिघींनी आपले डबे उचलले. माझ्या म्हाताऱ्या सासूचा हात तसाच भिंतीकडं राहिला होता.

तो हात बघून मला राहवेना. मी देठांचं सूप बाजूला सारलं आणि पुढं आले. माझे दोन्ही हात मिरच्यांनी माखलेले. मिरचीचे हात डोक्याला लावायची हौस माझी पुरी फिटली होती, म्हणून मनगटानंच आधी पदर पाडला आणि मग मनगटानंच ती निळी टोपी मागं ढकलली. टोपी खाली पडली. उन्हात माझं डोकं तुळतुळीत चमकलं असणार, कारण समोरच्या दोघींनी डोळे बारीक केले.

"बगा वैनी," मी म्हटलं, "ह्यातला कुठला?"

इतक्या बायकांपुढं, भर रस्त्यावर, असं डोकं घेऊन उभं राहीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विहीर जवळ केली असती.

पहिल्यांदा बोलल्या त्या इंदूमावशी. "आता गं बया! ह्या डंखावर बायका दोनच. एकीचं पांढरं, दुसरीचं न्हाईतच. मग ह्यो काळा आला कुठनं?"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू पुष्पावैनींच्या पाठीवर गेल्या. तिथं त्यांचा शेपटा, हातभर लांब, काळाभोर. वैनींनी स्वतःच तो पुढं घेतला, बोटातला केस त्याच्याशेजारी धरला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. आणि मट्कन पायरीवर बसल्या.

"आई आई गं. घरी बरणीत भरताना डोसकं मोकळं हुतं माझं."

तोपर्यंत हसू दाबून धरलेल्या इंदूमावशी फुटल्या. मग पायरीवरची एकेक. आत्ती हसता हसता खोकायला लागल्या, खोकता खोकता हसायला. मीही हसले, गालावरनं पाणी येत होतं ते येऊ दिलं, पुसायची सोय नव्हती. पुष्पावैनींनी माझी टोपी उचलली, झटकली आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर बसवली. "चुकलं माझं, शालन. लई वंगाळ बोललो मी."

"बसा. चहा टाकतो," मी म्हटलं. दादाच्या पोत्यातलं आलं अजून संपलेलं नव्हतं.

चहा होईपर्यंत इंदूमावशींनी त्यांचा डबा उचलून उखळापाशी नेऊन ठेवला होता. "आत्ती, तुमी उठा तिथनं. माझी चटणी शालनच कुटणार. अख्ख्या कोल्हापुरात जिच्या चटणीत केस सापडायची भीती न्हाई अशी एकच बाई हाय, आणि तिला तुमी मागं बसवलीया?"

आत्ती उठल्या. बाजूला झाल्या. मी जाऊन माझ्या जागेवर बसले. मोटार सुरू झाली, पहिलं मुसळ वर गेलं आणि माझा हात आपोआप आत गेला. जागा मिळाली होती. केस आल्याशिवाय ती मिळणार नाही असं मी उगाच धरून बसले होते.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं रांग हटली नाही. लांबलांबच्या बायका यायच्या, "ती टकलीच कुटणार न्हवं?" असं विचारून नंबर लावायच्या. आणि निघताना प्रत्येकीनं चटणीच्या आल्यातलं एक कांडं माझ्यासाठी काढून ठेवायचं, "तुझ्या डोसक्याला" म्हणून, असा रिवाजच पडला. मी घ्यायची. त्यांना पाट्याची गोष्ट सांगायची आणि कांडं चहात टाकायची.

चाळणी

पावसाळ्यात कधीतरी मालकांनी डोक्यावर हात फिरवला आणि थबकले. बाळाच्या डोक्यावर असते तशी लव होती, पांढरी. मग ती वाढली, मग तिच्यात काळे आले. कशानं आले? मला माहीत नाही. मालक सुयांना श्रेय देतात, आत्ती दादाच्या आल्याला, आणि डॉक्टरबाई म्हणतात, आपोआपही आले असतील. मधे एकदा बारीकशी चाई परत पडली, परत भरली. आलं घेऊन येणाऱ्या बायकांना मी हेच सांगते. डॉक्टरला दाखवा. तो किडा नाही, कुणाला लागत नाही, पोरीला कोपऱ्यात बसवू नका. आल्याचा चहा प्या. आणि डोक्याला काही लावणारच असाल तर ते कशावर वाटलंय, ते आधी बघा.

पुढच्या हंगामातली पहिली चटणी, रिवाजाप्रमाणे, आमच्या घरची होती. महाशिवरात्र नुकतीच झाली होती. माझे केस कानापर्यंत आले होते, करडे, उभे. वर्षभर उघड्या डोक्याची सवय झालेली, त्यामुळं टोपी घालायचं मला सुचलंच नाही. मी कुटत होते, आत्ती समोर बसून चाळत होत्या. आदल्या दिवशी मी भिंतीला टेकवलेला तो पाटा घासून आत आणून ठेवला होता आणि त्यांनी तो बघितला होता.

चाळता चाळता आत्तींचा हात थांबला. त्यांनी चाळणीतनं चिमटीत काहीतरी उचललं आणि दाराच्या उजेडात धरलं. बोटभर लांबीचा केस. अर्धा पांढरा, अर्धा काळा. असा केस घरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यांचे डोळे भरून आले, मी स्पष्ट बघितलं. आणि मग त्या वर्षभरात पहिल्यांदा, मुसळांच्या आवाजाच्या वर, पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

"शालन! डोसकं बांध!"

"बांधतो, आत्ती," मी म्हटलं.

बांधण्याएवढे केस अजून नव्हते. तरी मी मोटार बंद केली, बाहेर नळावर जाऊन हात धुतले आणि पदर घट्ट आवळून बांधला.